विमानाच्या पोटातली वायरिंग

गंगाखेडमध्ये कुठेही घराचा स्लॅब पडायचा असला, की आदल्या दिवशी मालकाची खरी धावपळ वायरमनला गाठण्यासाठी असते. सेंटरिंगवर सळई बांधून झालेली असते, सकाळी मिक्सर येणार असतो आणि त्याआधी विजेचे पाइप, फॅनचे बॉक्स जागच्या जागी बसायला हवे असतात. एखादा पाइप राहिला तर नंतर सोय होते, नाही असे नाही. पण मग कटर आणून झिरी मारा, नवा गिलावा फोडा, पुन्हा भरा. नाहीतर भिंतीवरून पट्टी फिटिंग करून घ्या. अर्ध्या तासाचे काम चार दिवसांवर जाते, आणि फोडाफोडीत कुठे काय दुखावले हे गिलाव्याआड कायमचे झाकले जाते.

विमानाच्या कारखान्यातली मोठी डोकेदुखीही जवळपास हीच आहे. फरक इतकाच, की घरातली चुकलेली वायरिंग अनेकदा नुसता फ्यूज उडवते. विमानातली चूक दहा हजार मीटर उंचीवर उघडी पडते.

हा विषय आता आपल्या राज्याचा झाला आहे. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या, म्हणजे एचएएलच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. तिथे तयार झालेल्या पहिल्या तेजसने त्याच दिवशी उड्डाण केले. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळीही तिथेच सुरू झाली. त्याआधी जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या दसॉ कंपनीने रिलायन्सच्या भागीदारीत नागपूरला फाल्कन २००० ही व्यावसायिक जेट विमाने पूर्णपणे बांधण्याची घोषणा केली. पहिले विमान २०२८ पर्यंत बाहेर पडावे अशी योजना आहे. या बातम्यांमधल्या छायाचित्रांत दिसते ते चकचकीत रंगवलेले विमान. त्याच्या आत काय आणि कसे बसवले आहे, हे छायाचित्रात दिसत नाही. विमान वेळेवर मिळणार की नाही आणि सुरक्षित असणार की नाही, हे मात्र बरेचसे तिथेच ठरते.

सांगाडा उभा राहिला म्हणजे विमान झाले नाही

विमानाची बांधणी साधारण अशी होते. धड, पंख, शेपूट असे मोठे भाग भक्कम चौकटींमध्ये, म्हणजे जिगमध्ये धरून जोडले जातात. मग त्या पोकळ भागांत वेगवेगळ्या यंत्रणा बसवतात. इंधन वाहून नेणाऱ्या नळ्या, चाके आणि पंखांवरचे हलते भाग चालवणारी हायड्रॉलिक यंत्रणा, थंड-गरम हवेच्या वाहिन्या, ऑक्सिजन, वीज, संगणक, रडार हे सगळे त्यात आले. त्यांना धरून ठेवणारे हजारो छोटे ब्रॅकेट आणि क्लॅम्प असतात. शेवटी एकेक यंत्रणा चालू करून तपासली जाते आणि मगच विमान धावपट्टीवर जाते.

यातली प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीशी जपून वागवावी लागते. बऱ्याच विमानांत हायड्रॉलिक तेलाचा दाब दर चौरस इंचाला ३,००० पौंड असतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तो ३०-३५ पौंड असतो, म्हणजे जवळपास शंभर पट फरक. अशा नळीला एखादी तार घासत राहिली तर विमानाच्या सततच्या थरथरीने आधी तारेचे आवरण झिजते आणि मग नळीवर ठिणगी पडू शकते. म्हणून तारा इंधनाच्या किंवा तेलाच्या नळीच्या वरच्या बाजूने न्यायच्या, म्हणजे गळती झाली तरी थेंब तारांवर पडत नाहीत. तार वळवताना तिच्या जाडीच्या साधारण दहापट त्रिज्या ठेवायची, फार चुरगळायची नाही. क्लॅम्पला रबराची गादी हवी. प्रत्येक नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा आणि आवळल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढायची. नट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

हे नियम कागदावर सोपे वाटतात. अडचण जागेची असते. लढाऊ विमानाच्या पोटात माणूस पूर्ण शिरतही नाही. हात खांद्यापर्यंत आत घालून, न दिसणारा नट बोटांनी चाचपून बसवावा लागतो. मोठ्या विमानाच्या पंखातल्या इंधन टाकीत कामगार पोटावर सरपटत जातो. छतातल्या वाहिन्या बसवताना हात तासन् तास डोक्याच्या वर असतात. खांदे, मान, मनगट आणि कंबर यांची दुखणी या व्यवसायाला चिकटलेली आहेत. ड्रिल आणि रिव्हेट मारण्याच्या यंत्रांच्या थरथरीने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या दुखावू शकतात. आवाजाने ऐकणे कमी होते.

आता हा केवळ कामगार कल्याणाचा विषय आहे असे समजू नये. अवघडलेला हात नट कमी आवळतो. दुखणारी मान दुसऱ्यांदा आत डोकावून बघायचा कंटाळा करते. कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँ यांनी १९९३ मध्ये विमान देखभालीतल्या माणसांच्या चुकांमागची बारा कारणे मांडली. जगभरच्या हँगरमध्ये आज ती भिंतीवर लावलेली असतात. त्यांत थकवा आहे, वेळेचा दबाव आहे, लक्ष विचलित होणे आहे, एका पाळीने दुसऱ्या पाळीला नीट न सांगणे आहे आणि ‘चालतंय की’ ही बेफिकिरीही आहे. काम करणाऱ्याचे शरीर सुखात असेल तर विमानही सुखरूप राहण्याची शक्यता वाढते.

तारांनी शिकवलेले धडे

२ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २२९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या तपास यंत्रणेने समुद्रतळातून लाखो तुकडे काढून चार वर्षांहून अधिक काळ तपास केला. कॉकपिटच्या छतावरच्या पोकळीत तारेतून ठिणगी उडून आग लागली असावी आणि तिथल्या उष्णतारोधक आवरणाने ती पसरवली, असा निष्कर्ष निघाला. विमान तयार झाल्यानंतर पुढे प्रवाशांच्या करमणुकीसाठी जी नवी यंत्रणा बसवली होती, तिच्या तारांवरही ठिणगीच्या खुणा सापडल्या. त्याच्या दोन वर्षे आधी, १७ जुलै १९९६ रोजी, टीडब्ल्यूएचे विमान न्यूयॉर्कजवळ हवेत फुटले होते आणि २३० जण दगावले होते. तिथेही टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे टाकीतील इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला, हेच कारण सर्वांत संभाव्य मानले गेले.

या दोन अपघातांनंतर विचार बदलला. तोवर तारा म्हणजे यंत्रे जोडणारे किरकोळ सामान समजले जाई. २००७ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने नियम करून विमानातील सगळी वायरिंग ही स्वतंत्र यंत्रणा मानली. इंजिनाची जशी रचना, बसवणी आणि तपासणी करावी लागते, तशीच तारांचीही करणे बंधनकारक झाले.

दुसरा धडा अपघाताचा नव्हता, हिशेबाचा होता. एअरबसच्या ए३८० या अजस्र विमानात जवळपास ५३० किलोमीटर तारा असतात. धडाचे काही भाग जर्मनीत हॅम्बुर्गला बनत आणि जोडणी फ्रान्समध्ये तुलूझला होई. दोन्हीकडचे अभियंते आराखड्यासाठी एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. संगणकावर जुळलेल्या तारा प्रत्यक्षात आखूड पडू लागल्या. वळणात लागणारी लांबी नीट धरलीच गेली नव्हती. मग हॅम्बुर्गहून शेकडो कामगार तुलूझला जाऊन हाताने तारा काढू-घालू लागले. जून २००६ मध्ये नव्या विलंबाची घोषणा झाली आणि एअरबसच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी घसरला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ऑक्टोबर २००७ मध्ये, जवळपास दोन वर्षे उशिरा.

बोइंगची गोष्ट याच्या उलट टोकाची. ७८७ विमानाचे मोठे भाग जगभरच्या पुरवठादारांनी आतल्या यंत्रणांसह तयार करून पाठवायचे आणि बोइंगने ते फक्त जोडायचे, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम होती. स्लॅबआधीच पाइप टाकण्यासारखी. पण प्रत्यक्षात भाग अर्धेमुर्धे आले. ८ जुलै २००७ रोजी जे विमान थाटामाटात जगाला दाखवले गेले ते आतून बरेचसे पोकळ होते आणि त्याचे काही भाग तात्पुरत्या बोल्टांवर धरलेले होते. ते प्रत्यक्ष उडायला डिसेंबर २००९ उजाडला आणि पहिले विमान ग्राहकाला २०११ मध्ये मिळाले.

विमान उद्योगात याला एक नाव आहे. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘सोबत आलेले काम’, म्हणजे एका टप्प्यावर पुरे न झालेले आणि विमानाबरोबर पुढच्या टप्प्यावर ढकललेले काम. ते वाईट का? कारण पुढच्या टप्प्यावरच्या माणसाकडे त्या कामाची योग्य शिडी नसते, सामान नसते, कधी अनुभवही नसतो. तोवर वरचे पत्रे बसलेले असतात. ते काढायचे, काम करायचे, पुन्हा लावायचे. या काढ-घालीतच काहीतरी राहून जाते.

५ जानेवारी २०२४ रोजी असेच राहून गेलेले जगाने पाहिले. अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स विमानाचे, न वापरल्या जाणाऱ्या दाराच्या जागी लावलेले झाकण हवेत निखळून पडले. आत १७७ जण होते. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. विमान ग्राहकाच्या ताब्यात येऊन जेमतेम दहा आठवडे झाले होते. तपासात दिसले की पुरवठादाराकडून सदोष आलेले काही रिव्हेट कारखान्यात दुरुस्त करण्यासाठी ते झाकण उघडले गेले, ते धरून ठेवणारे चार बोल्ट काढले गेले आणि परत बसवलेच गेले नाहीत. झाकण उघडल्याची नोंदही कुठे नव्हती. नोंद नसल्यामुळे कुणी तपासलेही नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष त्या एका कामगाराच्या माथी मारला नाही. कंपनीने पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख दिली नाही, असे कारण नोंदवले.

सुधारणा म्हणजे नेमके काय

या सगळ्यातून गेल्या दोन दशकांत विमान कारखान्यांनी जे शिकले ते चार-पाच गोष्टींत सांगता येते.

पहिली, जे शक्य आहे ते विमानाबाहेर करायचे. तारांचे पूर्ण जुडगे विमानात शिरून एकेक तार ओढत बनवायचे नाही. मोठ्या टेबलावर, खऱ्या आकाराच्या आराखड्यावर खिळे ठोकून, कंबरेच्या उंचीवर उभे राहून ते बनवायचे. प्रत्येक तारेवर क्रमांक छापायचा. यंत्राने प्रत्येक जोड तपासायचा आणि मगच जुडगे विमानात न्यायचे. कामगाराची पाठ वाचते आणि चूक टेबलावरच सापडते.

दुसरी, क्रम. पोकळी बंद होण्याआधी तिच्यातले काम पुरे झाले पाहिजे. काम अपुरे असेल तर विमान पुढे सरकवायचे नाही, भले त्या महिन्याचा आकडा कमी दिसला तरी. हे बोलायला सोपे आणि करायला सर्वांत अवघड, कारण वरून आकड्यासाठी दबाव असतो.

तिसरी, आराखडा एकच. कारखान्यातला कामगार, दुसऱ्या राज्यातला पुरवठादार आणि संगणकापुढचा अभियंता एकच त्रिमितीय चित्र बघत असले पाहिजेत. एअरबसने ए३८० साठी पुढे टॅबलेटवर हे चित्र प्रत्यक्ष विमानावर ठेवून बघण्याची सोय केली. धडातले ६० ते ८० हजार ब्रॅकेट जागेवर आहेत का हे तपासायला तीन आठवडे लागत; ते काम तीन दिवसांवर आले. मोबाइलवरच्या खेळांमुळे आपल्या ओळखीचा झालेला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्दही मुळात इथलाच. बोइंगचे टॉम कॉडेल यांनी १९९० च्या सुमारास तो वापरला, तो तारांची जुडगी बांधणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांपुढे आराखडा दाखवण्याच्या कल्पनेसाठी.

चौथी, सामान आणि हत्यारांचा हिशेब. ऑपरेशन थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी नर्स गॉज, सुया आणि कात्र्या मोजते. मोजणी जुळली नाही तर शिवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी आणली, तिची मूळ कल्पना वैमानिकांच्या यादीवरूनच घेतली होती. विमान कारखान्यातही हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्यासाठी त्याच्याच आकाराचा खाचा असतो. पाळी संपताना एक खाचा रिकामा दिसला तर शोध लागेपर्यंत विमान पुढे जात नाही. लढाऊ विमान हवेत उलटे होते तेव्हा आत राहिलेला एक नट कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो.

पाचवी, नोंद आणि कबुली. काय उघडले, कुणी उघडले, कुणी बंद केले आणि कुणी तपासले हे लिहिलेच पाहिजे. आणि ‘माझ्या हातून वॉशर आत पडला’ असे सांगणाऱ्या कामगाराला शिक्षेची भीती वाटता कामा नये. जिथे सांगणाऱ्याचा पगार कापला जातो, तिथे पुढचा वॉशर गुपचूप आतच राहतो.

ओझरपुढची परीक्षा

ओझरचा कारखाना नवखा नाही. १९६४ मध्ये मिग-२१ साठी तो उभा राहिला आणि पुढे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमाने तिथे बांधली गेली. पण ती विमाने रशियन आराखड्यावर, परवान्याने बनत होती. तेजसचा आराखडा आपला आहे. त्यामुळे जुळवाजुळवीची जबाबदारीही आपलीच.

दबावही मोठा आहे. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ तुकड्या असायला हव्यात, प्रत्यक्षात त्या तिशीच्याही खाली आल्या. तेजस एमके-१ए साठी फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी नोंदवली गेली. पहिले विमान मार्च २०२४ अखेर मिळायचे होते, ते मिळाले नाही. अमेरिकेहून येणारी इंजिने लांबली, हे त्याचे मोठे कारण. ठरलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये आले. ओझरची क्षमता वर्षाला आठ विमानांची आणि बंगळुरूच्या दोन साखळ्या धरून एकूण चोवीस.

या विमानाचे मोठे भाग आता खासगी कंपन्याही बनवतात. पंख कोइमतूरला एल अँड टी, मधले धड हैदराबादची व्हीईएम टेक्नॉलॉजीज, मागचे धड बंगळुरूची अल्फा टोकॉल. वेग वाढवण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण हॅम्बुर्ग-तुलूझचा आणि बोइंगचा अनुभव नेमका इथेच आठवायला हवा. चार गावांतून येणारे भाग आतल्या ब्रॅकेटपर्यंत जुळतात का, आणि त्यांच्याबरोबर किती ‘सोबत आलेले काम’ ओझरला उतरते, यावर चोवीसचा आकडा खरा होणार की नाही हे अवलंबून राहील. इंजिन आले म्हणून विमान तयार झाले, असेही नाही. इंजिनाच्या नळ्या, तारा, नियंत्रणे जोडून झाल्यावर चाचण्यांचा मोठा टप्पा उरतोच.

म्हणून वाचक म्हणून आपण बातमी वाचताना तीन शब्द वेगळे ठेवावेत. विमान ‘बाहेर पडले’, विमान ‘उडाले’ आणि विमान हवाई दलाने ‘स्वीकारले’. पहिल्याचा फोटो निघतो, दुसऱ्याला टाळ्या पडतात, पण देशाच्या कामाचे ते तिसरेच. संसदेत आणि वृत्तपत्रांतही प्रश्न विचारायचा तर किती विमाने बाहेर पडली याबरोबर किती स्वीकारली गेली आणि किती काम अपुरे ठेवून पुढे सरकवले गेले, हेही विचारायला हवे.

हे सगळे आपल्यापासून दूर आहे असे गंगाखेडकरांनी मानायचे कारण नाही. नाशिकची गोदावरी वाहत वाहत आपल्या घाटावर येते, आणि इकडची मुले परभणीला तपोवन एक्स्प्रेस पकडून उलट दिशेने नाशिकला कामाला जातात. एचएएल आयटीआय झालेल्या मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर हे आपल्या तालुक्यातल्या मुलांचे नेहमीचे ट्रेड तिथे चालतात. मात्र तिथे टिकतो तो नुसता झटपट हात चालवणारा नाही. आराखडा वाचता येणारा, टॉर्क पान्याचा आकडा प्रामाणिकपणे लिहिणारा आणि चूक झाली तर साहेबाकडे स्वतः जाऊन सांगणारा टिकतो. आपल्या आयटीआयमध्ये वायर सोलायला जितका वेळ शिकवतो, त्यातला थोडा वेळ कामाची नोंद कशी लिहायची आणि पाळी बदलताना पुढच्याला काय सांगायचे यावर दिला, तर त्याला यंत्रसामग्री लागत नाही की निधी लागत नाही.

आणि ही सवय लावायला ओझरपर्यंत जायचीही गरज नाही. उद्या गावात कुणाचा स्लॅब पडणार असेल, तर आज संध्याकाळी शिकाऊ पोराच्या हाती कागद द्यावा. पाइप किती, बॉक्स किती, कुठे वळण, कुणी बघितले, हे त्याने लिहावे आणि खाली सही करावी. मिक्सर त्यानंतरच सुरू करावा.